भावाच्या ओवीवरची सुई

काष्टीच्या बाजारतळामागं मच्छिंद्रचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. आता दुकान म्हणायचं ते नावालाच. गिऱ्हाईक कधीच मोबाईलच्या मागं गेलं, पण फळीवरच्या खोक्यांत जुने काचेचे व्हॉल्व त्यानं अजून कापसात निजवून ठेवलेले, तान्ह्या बाळांसारखे.

त्याची थोरली बहीण आक्काबाई पुणतांब्याला दिलेली. ती माघात गेली. दहाव्याला तिच्या लेकीनं, रुपालीनं, मामाच्या हातात रेकॉर्डची एक छोटी तबकडी ठेवली.

"चाळीस वर्सांमागं कोण बाई आल्ती मामा, बायांच्या जात्यावरच्या ओव्या भरून न्यायला. तवाची हाय ही. आई म्हणायची, हिच्यात मामाच्या नावाची ओवी हाय. पुण्याला देऊ का? कॉम्प्युटरवर साफ करून देत्यात."

"उभा जल्म रेडिओत घातला मी," मच्छिंद्र म्हणाला. "आन बहिणीचा आवाज परक्याच्या हातनं ऐकू व्हय?"

बोलला खरा मोठ्या तोऱ्यात, पण आत काही वेगळंच सलत होतं. वडील गेल्यावर आक्कानं हक्कसोडपत्रावर मुकाट अंगठा दिला होता. तहसीलच्या पायरीवर एवढंच म्हणाली होती, "दिवाळीला न्यायला ये रं." त्या दिवाळीला तो गेला नाही. पुढच्या दिवाळीला जायची लाज वाटली. आणि लाजेलाच मग तीस वर्षं झाली. आक्काच्या तोंडून एकदा आपलं नाव ऐकायचं, एवढंच आता त्याला हवं होतं.

भंगारातून त्यानं एक प्लेअर आणला. सुई उड्या मारायची, म्हणून तिच्या डोक्यावर चिकटपट्टीनं एक नट बसवला. तबकडीचा आवाज मुळात मुंगीएवढा. तो मोठा करायला दोन व्हॉल्व घालून पत्र्याचा डबा स्वतःच जुळवला. सुरू केला, तर डब्यातून नुसतं घूंऽऽ. त्या घूंखाली, विहिरीच्या तळातून यावा तसा आक्काचा आवाज. चौथ्या ओवीला "मच्छिं" एवढं वर आलं आणि बुडालं.

 मच्छिंद्रनं सुई उचलून पुन्हा तिथंच टेकवली.

मग महिनाभर ती घूं घालवण्यापलीकडं त्याला दुसरं काही सुचेना. व्हॉल्व तापवणाऱ्या तारांना वेणीसारखा पीळ घातला. ट्रान्सफॉर्मर डब्याबाहेर काढला. अंगणात अर्थिंगचा नवा खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरलं, वर दोन घागरी पाणी.

शेजारचा रामहरी कुंपणावरून बघत होता. "दादा, लोणचं घालताय का काय?"

"व्हय. मुरलं की तुलाच वाढतो."

काहीही बदललं की तपासायला तीच चौथी ओवी. सुई कुठं टेकवायची ते हाताला पाठ झालं होतं. टेकवायची, नावापर्यंत ऐकायचं, उचलायची. दिवसातून दहादा, कधी वीसदा. घूं तशीच.

शेवटी एका सकाळी ध्यानात आलं. जमिनीत काही खोट नव्हती. प्लेअरची अर्थची तार डब्याच्या एका कोपऱ्याला कसलेली, आणि आवाजाच्या वायरीवरची तारांची जाळी सॉकेटपाशी, दुसऱ्या कोपऱ्यात, पत्र्याला टेकलेली. दोन वाटा झाल्या होत्या, आणि घूं त्यांतून गोल गोल फिरत होती. सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून त्यानं ते सॉकेट पत्र्यापासून सोडवलं, सगळ्या अर्थच्या तारा एकाच स्क्रूखाली आणल्या आणि बटण दाबलं.

इतकं शांत, की त्याला वाटलं लाईटच गेली.

सुई लावायचा मोह त्यानं आवरला. रुपालीला फोन केला. "उद्या ये. दोघं मिळून ऐकू."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. मच्छिंद्रनं पहिल्यांदाच तबकडी सुरुवातीपासून लावली. आधी जात्याची घरघर, मग बांगड्या, आणि मग समोर बसल्यासारखी आक्का. रुपालीनं पदर तोंडाला लावला. पहिली ओवी देवाची, दुसरी आईबापाची, तिसरी सासूची:

गोदामाईच्या काठाला बाई वाळू ती तापली
सासूबाईच्या मायेची मला पुरते सावली

"आता माझी," मच्छिंद्र म्हणाला आणि सरसावून बसला.

खर्र. खर्र. खर्र. पत्रा घासावा तसं काहीतरी. आणि त्यातून एकदम, लख्ख, ओवीची शेपटी: "...वाट पाहते दारात."

पुढची ओवी पुन्हा स्वच्छ.

त्यानं सुई उचलली. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून तिचं टोक पाहिलं. तुटलेलं होतं, पटाशीसारखं चपटं. वर नटाचा भार. महिनाभर तो घूंच्या मागं होता. घूंच्या आड ही सुई त्याचंच नाव तासत होती, आणि ती खरखर त्याला ऐकू आली नव्हती.

त्यानं भिंग उतरवून ठेवलं. मग खाली बघतच विचारलं, "तुला येती का गं ती ओवी? आईनं म्हनली असंल की घरी."

"न्हाई मामा." रुपाली अडखळली. "बाकीच्या समद्या म्हणायची. माझ्या कळत्यापास्नं तुमची तेवढी कधी म्हनलीच न्हाई."

बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला. खोक्यांतले व्हॉल्व किणकिणले.

"परत लावू का?" तिनं हळूच विचारलं. "ती दारातली तेवढीच?"

मच्छिंद्रनं तबकडीवर हात पालथा ठेवला.

"नगं," तो म्हणाला. "झिजंल."