मला एकदा फिरवून बघा

मित्रांनो, मी काचेची एक जुनी पट्टी आहे. बोटाएवढीच. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत कचऱ्याच्या डब्यावर धरलेल्या हातातून मी तुम्हाला हाक मारते आहे. वेळ फार थोडा उरला आहे.

माझ्या अंगावर एक पातळ थर आहे. आधी तो बाटलीतलं पातळ द्रावण होता. इथे संशोधन करणाऱ्या उन्नतीने मला त्यात बुडवून सावकाश वर ओढलं आणि तो माझ्यावर खिरीसारखा दाटत गेला. थर मऊ होता तेव्हाच तिने दोन्ही टोकांना साचा दाबून अतिशय बारीक रेघा उमटवल्या, मग मला भट्टीत भाजलं. त्या रेघांना ग्रेटिंग म्हणतात. एका टोकाच्या रेघांतून लेसरचा प्रकाश थरात शिरतो, आतल्या आत धावतो आणि दुसऱ्या टोकाच्या रेघांतून बाहेर पडतो. वर पाण्याचा थेंब ठेवला की प्रकाशाची वाट जराशी बदलते. त्यावरून पाण्यात किती क्षार आहेत ते उन्नतीला कळतं.

दमट हवेत थर बिघडतो, म्हणून भर मे महिन्यात ती कूलर बंद ठेवून घाम गाळायची. तरी माझी सगळी भावंडं तडकली. मी एकटी वाचले. माझ्या पोटातून पहिल्यांदा लाल रेघ धावली, तेव्हा ती तिच्या मैत्रिणीला, मिनलला, मिठी मारून रडली होती.

आज परीक्षक येणार आहेत. माझ्यातून जाणारा प्रकाश त्यांना दिसला तरच उन्नतीचं काम पुढे चालेल, नाहीतर ही खोली रिकामी करायची आहे. आणि आजच घात झाला. उन्नती कोराडीची. तिथल्या वीजकेंद्रामुळे कोळशाची धूळ सगळीकडे, त्यामुळे वाढायच्या आधी ताट आणि बसायच्या आधी खुर्ची पुसायची सवय तिच्या अंगात मुरलेली. तिने मला पेटीतून काढलं आणि नकळत ओढणीने पुसलं. ओढणीतला धुळीचा कण माझ्या रेघांवरून करकरत गेला.

लेसर लावला, पण प्रकाश आत शिरेना.

"मीच पुसलं वं तिले," ती मिनलला म्हणाली. "घरी ताट पुसतो तसं. काहून पुसलं मी?"

दुसरी पट्टी नाही का, असं मिनलने विचारलं. उन्नतीने रिकामी पेटी तिच्यापुढे केली. नवी करायला कितीतरी दिवस लागतात.

"टाकून दे मग," मिनल हळूच म्हणाली. "मी टेबल आवरून राहिली."

मला ओरडावंसं वाटतं, पण मला तोंड नाही. उन्नती, माझं एकच टोक खरवडलं आहे गं. दुसऱ्या टोकाच्या रेघा धडधाकट आहेत. मला उलटी ठेव, प्रकाश तिकडून शिरेल. या टोकाशी तो वेडावाकडा सांडेल, पण लाल रेघ दिसेल. फक्त मला फिरव.

जिन्यात पावलं वाजताहेत. तिची बोटं सैल होत आहेत.

मित्रांनो, बिघडलेली वस्तू टाकून देण्याआधी एकदा दुसऱ्या बाजूने बघत जा. आणि तुमच्यापैकी कुणी आत्ता तिच्या जवळ असेल, तर तिला सांगा. लवकर सांगा.