निवट्यांसाठी कॅमेरा

कचेरीत साहेबांनी काशीरामचा मोबाईल हातात घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला आणि मोबाईल टेबलावर ठेवला.

"हे ठिपके आहेत," ते म्हणाले. "माणसं कुठायत यात?"

"साहेब, त्या बायकाच आहेत. चिखलात निवट्या धरतायत."

"असतील. मला दिसत नाहीत. आणि मला दिसलं नाही, तर मी लिहू काय? शुक्रवारी सुनावणी आहे. काही पुरावा असेल तर तेव्हा आणा."

काशीराम "बरं" म्हणाला. आयुष्यभर तो तेच म्हणत आला होता. पनवेलच्या एका वाचनालयात चौतीस वर्षं पुस्तकांची देवघेव करून तो निवृत्त झाला होता. जगातल्या पुष्कळ गोष्टी त्याने वाचल्या होत्या, केल्या मात्र फारच थोड्या.

बाहेर बाकावर गोदू बसली होती. ती त्याची थोरली बहीण, वय बहात्तर, आवाज अजून मासळीबाजार भरून टाकणारा.

"काय बोलला?"

"ठिपके दिसतात म्हणाला, बाय."

"ठिपका? मी ठिपका?" गोदू उठून उभी राहिली. "पन्नास वर्सां त्या चिखलात कंबरेपर्यंत जाते, आनि मी ठिपका?"

प्रकरण असं होतं. गावामागच्या खाडीत भराव पडून रस्ता जाणार होता. ज्यांचा धंदा बुडणार, त्या मच्छीमारांची यादी झाली होती. होडीवाले यादीत आले, जाळीवाले आले. पण ओहोटीला चिखलात उतरून, बिळात हात घालून निवट्या नावाचे लहान मासे धरणाऱ्या एकोणीस बायकांकडे ना होडी होती ना जाळं. त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'गृहिणी'. गोदूच्याही. ज्या निवट्या विकून तिने धाकट्या भावाची पाठ्यपुस्तकं घेतली, त्याला कधी चिखलात पाय टाकू दिला नाही, त्या निवट्या सरकारच्या लेखी कोणी धरल्याच नव्हत्या. सुनावणीत हे खोडून काढता आलं नाही, तर यादी कायम होणार होती.

मोबाईलचा उपयोग नव्हता. निवटी फार सावध. चिखलावर जरा पाऊल वाजलं, की सगळ्या बिळात गडप. म्हणून एकेक बाई एकेकटी, लांब लांब काम करते. फोटो काढायचा तो बांधावरून, आणि बांधावरून मोबाईलला दिसतात ते ठिपकेच.

आदल्या आठवड्यात त्यांनी हळदीचे फोटो काढणारा एकजण आणला होता. तो खाडी बघून म्हणाला, "काकी, आत्ता नुसता चिखल आहे. भरती येऊ द्या, बॅकग्राउंडला पाणी मस्त दिसेल."

गोदू म्हणाली होती, "भरतीत काय तुजा बापूस निवट्या धरनार?"

तो गेला तो गेलाच. आता लग्नसराई ऐन भरात होती, दुसरा कोणी मोकळा नव्हता.

"मग आपणच कॅमेरा घेऊ," काशीराम म्हणाला. बोलून झाल्यावर हे कोण बोललं म्हणून त्याचं त्यालाच नवल वाटलं.

घरी मुलाने, कुमारने, बातमी ऐकून जेवता जेवता घास तसाच हातात धरला. "बाबा, तुम्हाला फोन सायलेंटवर टाकता येत नाही. परवा बँकेत गाणं वाजत होतं तुमच्या खिशात."

"वाचून घेईन."

"कॅमेरा वाचून येत नाही हो. आणि पैसे? तुमची ती ठेव मोडणार?"

"माझीच आहे ना?" काशीराम म्हणाला आणि लगेच ताटात पाहू लागला. आपण फार बोललो असं त्याला वाटलं. पण शब्द त्याने परत घेतले नाहीत.

जुन्या वाचनालयातून त्याने छायाचित्रणावरची दोन पुस्तकं आणली आणि वहीची अकरा पानं भरली. भिंगाचे आकडे, प्रकाशाचे आकडे, हात हलला तर काय करायचं, जुना कॅमेरा घेताना काय पाहायचं. जसजसं लिहीत गेला तसतसा त्याचा धीर सुटत गेला. एवढं सगळं लक्षात ठेवून बोट दाबायचं, तोवर निवटी थांबेल का?

बुधवारी सकाळी एस.टी. स्टँडसमोरच्या दुकानात दोघं भावंडं शिरली. काउंटरवर हितेश नावाचा तिशीतला मालक होता.

"या काका. पासपोर्ट फोटो?"

"नाही. डी.एस.एल.आर. बघायचा होता."

"नातवाला पाहिजे?"

"मला."

हितेशने वरपासून खालपर्यंत पाहिलं. चष्मा, झोळी, वही. मागे पाटीसारखी ठाम उभी गोदू. "काका, आता डी.एस.एल.आर. कोण घेतं? मिररलेसचा जमाना आहे. हा बघा." किंमत ऐकून काशीरामने हात मागे घेतला. "बरं, मग हा घ्या. बिगिनरला एकदम बेस्ट. सोबत अठरा-पंचावन्नची लेन्स. फॅमिली, पिकनिक, गणपती, सगळं येतं."

ही लेन्स लांबचं ओढून आणत नाही हे वहीच्या चौथ्या पानावर होतं. पण समोरचा माणूस रोज कॅमेरे विकतो. त्याला आपण काय सांगणार? काशीराम म्हणाला, "हं."

"हं काय, काश्या?" गोदूने कॅमेरा ओढून घेतला आणि डोळ्याला लावून समोरच्या स्टँडकडे वळवला. "याच्यातून तर बस हाय तेवरीच दिसतेय. मंग माजा डोला काय वाईट हाय?"

हितेश हसला. "मावशी, तुम्हाला लांबचं पाहिजे? आधी सांगायचं ना." त्याने आतून एक वापरलेला कॅमेरा आणला, त्याला सत्तर-तीनशेची लांब लेन्स. कॅमेरा नव्यासारखा चकचकीत होता. "डॉक्टरांचा आहे. हौसेने घेतला, कपाटात ठेवला. पाच हजार क्लिकसुद्धा झाले नसतील. सत्तावीसला देतो, लेन्ससकट."

काशीरामने तो हातात घेतला. वाचनालयात लोक जुनी पुस्तकं देणगी म्हणून द्यायचे, वर नवा कोरा कागद घालून. काशीराम कागदाकडे बघायचा नाही. पुस्तक कुठे दुमडतं, कोणत्या कोपऱ्याला बोटं लागून लागून काळं झालंय, ते बघायचा. आताही त्याची बोटं आपसूक फिरली. पकडीचं रबर नवं होतं. पण पट्टा अडकवायची कडी घासून निम्मी झाली होती, आणि बटणाची धार बोटाने गुळगुळीत झाली होती.

म्हणजे कॅमेरा बराच वापरलेला होता. सोडून द्यावं, वाटलं. आपलं चुकत असेल तर हसं होईल. चुकत नसेल तर हा पोरगा उगाच दुखावेल. मग त्याला आठवलं, की उद्या सकाळी दहाला ओहोटी आहे, आणि त्यानंतर सुनावणीला फोटो छापून नेता येतील अशी उजेडातली दुसरी ओहोटी नाही.

"याचे क्लिक मोजून दाखवता?"

"म्हणजे?"

"एक फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर उघडा. या कॅमेऱ्यात फोटोच्या माहितीबरोबर आकडा येतो."

"अरे वा! यूट्यूब बघून आलात वाटतं."

"पुस्तक वाचून आलो. मोजा."

हितेशने फोटो काढला, वायर जोडली, दोन-तीनदा माऊस हलवला. पडद्यावर आकडा आला: एक्क्याण्णव हजार चारशे.

हितेशने माऊसवरचा हात काढला.

"आईशप्पथ काका, मला विकणाऱ्याने तसंच सांगितलं होतं," हितेश म्हणाला.

"शिली मच्छी बर्फात घातली म्हनून ताजी होत नाय, पोरा," गोदू म्हणाली. "गालफड उचलून बगायला लागतं."

मग हितेशने स्वतःहून खालच्या फळीवरचा एक कॅमेरा काढला. रंग उडालेला, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. "हा कोणी घेत नाही, दिसायला असा आहे म्हणून. पण आत चांगला आहे." आकडा काढला. बारा हजार. लांब लेन्स त्यालाही बसत होती.

"पुठ्ठा फाटलाय," काशीराम म्हणाला, "पानं शाबूत आहेत."

तो फुटपाथवर गेला. लेन्स जड होती. चौथं पान, सातवं पान, सगळी पानं डोक्यात एकदम फडफडू लागली. त्याने कोपर पोटाशी दाबलं, श्वास रोखला आणि स्टँडमधल्या उरणच्या बसवर बोट दाबलं. गोदूने पडद्यात डोकं घातलं.

"अगो माये! तो कंडक्टर किल्लीनं कान कोरतोय!" ती रस्ताभर ऐकू जाईल अशी ओरडली. "घे, काश्या. हाच घे."

हितेशने बॅग, तिपाई आणि लेन्सवर लावायची काच असं तिन्ही पुढे केलं. काशीराम तिन्हींना नाही म्हणाला. एका दिवसात इतक्या वेळा नाही म्हणण्याची त्याला सवय नव्हती.

गुरुवारी सकाळी नऊला तो बांधावर पोचला आणि जागीच थांबला.

एकोणीस बायका रांगेत उभ्या होत्या. सगळ्या हळदीच्या साड्यांमध्ये. पिवळ्या, हिरव्या, जरीच्या काठाच्या. केसांत अबोली, गळ्यात सोनं, कोणाच्या तर नथीसुद्धा. तिघी पुढे बसल्या होत्या, लग्नाच्या ग्रुप फोटोत बसतात तशा. चेहरे गंभीर, हात धुतलेले.

"काढ," मधोमध उभी असलेली गंगाबाई म्हणाली.

"अहो, काय हे?"

"काय म्हंजे? फोटो सायबाकरं जानार ना? मंग मललेल्या साड्यांत काय जावाचा?"

"पण निवट्या धरताना पाहिजे फोटो! चिखलात!"

"या साडीत?" गंगाबाईने पदर सावरला. "पोरीच्या हलदीची हाय ती. येडा जाला काय तू?"

गोदूसुद्धा त्यांच्यातच होती, जांभळ्या साडीत. तिने भावाची नजर चुकवली. काल तिने सगळ्यांना एवढंच सांगितलं होतं, "उद्या फोटो हाय." फोटो म्हटल्यावर काय नेसायचं, हे या बायकांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

घरी जाऊन बदलून यायला तास गेला असता. पाणी पुरतं उतरलं होतं, तासाभरात वळलं असतं. काशीरामने घड्याळ पाहिलं, चिखल पाहिला. आपण निमूटपणे हा ग्रुप फोटो काढावा, उद्या साहेबांच्या टेबलावर ठेवावा, आणि "बरं" म्हणून परत यावं. तसंच होणार होतं. नेहमी तसंच होत होतं.

"साहेबाने तुम्हाला काय लिहिलंय माहितीये?" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला. बायका दचकल्या, कारण काशीरामला ओरडताना त्यांच्यापैकी कोणी पाहिलं नव्हतं. "गृहिणी! घरात बसणाऱ्या! अशा नटून उभ्या राहिलात, तर तो म्हणेल, बरोबरच लिहिलं! माझी पुस्तकं कुठून आली? या बाईच्या हातातून आली, बिळात घातलेल्या! तो हात मला पाहिजे! साडी गेली तर मी भरून देईन, पण उतरा खाली!"

गंगाबाईने आपल्या जरीच्या काठाकडे पाहिलं.

मग गोदूने जांभळी साडी मांड्यांपर्यंत वर खोचली, नथ काढून भावाच्या हातात दिली आणि बांधावरून उतरली. चिखलाने तिला गुडघ्यापर्यंत ओढलं. ती मागे न बघता चालत राहिली.

"भरून देनारा आला मोठा," गंगाबाई पुटपुटली. तिनेही काष्टा मारला. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी.

काशीराम बांधावर पालथा पडला, कोपरं मातीत रोवली. सुरुवातीचे वीसेक फोटो धूसर आले. एकात नुसतं आभाळ आलं. त्याने वही काढली नाही. गोदू वाकली, खांद्यापर्यंत हात बिळात गेला, गाल चिखलाला टेकला. ती थांबली, तोही थांबला. हात वर आला तेव्हा बोटांत निवटी तडफडत होती, आणि काशीरामचं बोट बटणावर दाबलेलं होतं.

शुक्रवारी साहेबांनी एकेक फोटो उचलून पाहिला. चेहरे ओळखू येत होते. मागे भरावाची हद्द दाखवणारे खांबही दिसत होते.

"हळदीच्या साड्या नेसून कोणी मासे धरतं का?" ते म्हणाले. "हे मुद्दाम काढलेले फोटो आहेत."

गोदूने तोंड उघडलं. काशीरामने तिच्या दंडावर हात ठेवला.

"हो, मुद्दामच काढलेत," तो म्हणाला. "पन्नास वर्षांत कोणी काढले नाहीत, म्हणून मुद्दाम काढले. साड्या बघू नका साहेब. हात कुठवर गेलाय ते बघा, आणि तो बाहेर येताना त्यात काय आलंय ते बघा. एवढं नाटक वठवायचं तर आधी निवटी धरता यायला पाहिजे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बघू. फोटो ठेवून जा."

"ठेवतो. पोच द्या."

"क्लार्क जेवायला गेलाय."

"आम्ही बसतो."

ते बसले. बाहेर व्हरांड्यात उरलेल्या अठराजणी बसल्या होत्या. त्यांचं बोलणं आत स्पष्ट ऐकू येत होतं, आणि ते साहेबांबद्दलच होतं. पाऊण तासाने क्लार्क आला, शिक्का उमटला. काशीरामने तारीख वाचली, सही वाचली आणि तिथेच उभा राहिला.

"आता काय?" साहेब म्हणाले.

"पुरावा खोटा वाटत असेल तर स्वतः येऊन बघा. तसं लिहूनही द्या, पाहणी करणार म्हणून."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग व्हरांड्याकडे पाहिलं. "मंगळवारी सकाळी येतो."

"सकाली काय येताव? मंगलवारी दशमी हाय," गोदू म्हणाली. "दोन वाजता सुकती लागंल, पानी उतरंल. तवा या."

साहेबांनी पोचपावतीच्या कोपऱ्यात 'मंगळवार, दु. २, स्थळपाहणी' असं लिहून सही केली. काशीरामने तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"आणि साहेब," दारातून वळून तो म्हणाला, "बूट घालून येऊ नका."