चव्वेचाळिसावी खेळी

कित्वे शहरातल्या आपल्या घरी कासोंदे सरांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. साडेबारा. दोनला वीज जाणार, ती थेट उद्या सकाळी येणार. आणि चव्वेचाळिसावी खेळी पाठवायची मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत.

पत्रव्यवहाराच्या बुद्धिबळात इंजिनची, म्हणजे खेळ्या शोधणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमची, मदत चालते. गेले चार दिवस, वीज असेल तेवढे तास, इंजिन या एकाच स्थितीवर विचार करत होतं. वीज गेली की सर लॅपटॉप नुसता झोपवून ठेवत, म्हणजे आतलं काही हरवायचं नाही. पण ते एका जागी ठरेना. सकाळी म्हणे हत्ती मागे घ्या, दुपारी म्हणे घोड्याचा बळी द्या. समोर फिनलंडचा सालोवारा. डाव बरोबरीत सुटला तरी सहा वर्षं हुलकावणी देणारा किताब पदरात पडणार होता.

त्यांनी क्लबातल्या सिकाझ्वेला फोन लावला.

"मेमरी किती दिलीय, सर?"

"दोन जीबी."

"दोनच? अहो, ती केव्हाच काठोकाठ भरली असेल! सहा करा, पळेल बघा."

सरांनी इंजिन थांबवलं, दोनच्या जागी सहा लिहिलं, पुन्हा चालू केलं. इंजिन किती खेळ्या पुढचं पाहतं, तो खोलीचा आकडा बावन्न होता. तो एकवर आला.

"सिकाझ्वे, हे पहिल्यापासून मोजतंय."

"मेमरी बदलली की जुनं सगळं पुसलं जातं, सर. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

त्यात लॅपटॉपची एकूण मेमरीच आठ. सहा इंजिनने गिळल्यावर बाकीचं सगळं गुदमरलं. डिस्क घरघरत राहिली, पडद्यावरचा बाणसुद्धा हलेना. दोनला वीज गेली, तेव्हा आकडा एकोणीसवर होता. बॅटरीने कशीबशी दहा मिनिटं तग धरली.

"बाशी म्वापे, मक्याचा न्शिमा गार झाला. का त्या डब्यालाच भरवू?" बायको दारातून म्हणाली. लेकराच्या नावावरूनच दोघं एकमेकांना हाक मारत: म्वापेचे बाबा, म्वापेची आई.

"चार दिवसांचं सगळं गेलं, बाना म्वापे."

"डब्याचं गेलं. तुम्हीही बघत होतातच की चार दिवस."

बघत होते, पण आकडे. सरांनी लाकडी पट मांडला. कोपऱ्यात त्यांचा राजा, भोवती आपलीच प्यादी. घोडा देऊन वाट फुटेल असं तीनदा वाटलं. तिन्ही वेळा हात मागे आला. इंजिनचा दुजोरा नसताना घोडा द्यायचा तो कुणाच्या भरवशावर? साडेपाचला त्यांनी फोनवरून हत्ती मागे घेतला.

फोन खाली ठेवायच्या आतच उत्तर आलं. उंट, थेट राजाला निसटायला उरलेल्या एकुलत्या घरावर रोखलेला.

इतक्या झटपट कुणी विचार करत नाही. या खेळात उत्तर आधीच नोंदवून ठेवता येतं: त्याने अमुक केलं, तर माझं तमुक. सालोवाराने ते ठेवलं होतं, कोण जाणे किती दिवसांपूर्वी. त्याने फक्त हत्तीचीच वाट पाहिली होती.

सरांनी पटावर उंट सरकवला. बरोबरी आता कुठेच दिसत नव्हती.

"झालं का तुमचं?" आतून हाक आली.

"नाही," सर म्हणाले. "पुढच्या खेळीला अजून दहा दिवस आहेत."