हात न लावण्याची परीक्षा

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर भाचीच्या मुळावर आली होती. तीस वर्षं मी जुन्या अणुभट्टीवर काढली. तिथे वीज गेली की आधी भट्टी गार ठेवणारे पंप चालू करायचे, विचार मागाहून. त्या सवयीने भाचीच्या नव्या भट्टीच्या चाचणीत मी जनरेटरचं बटण दाबून मोकळा झालो. चाचणी रद्द! अटच अशी होती की वीज तोडायची आणि कुणी कशाला हात लावायचा नाही.

तिची भट्टी निराळी. इंधन वितळलेल्या मिठातच विरघळलेलं. तळाच्या नळीत त्याच मिठाचं गोठलेलं बूच, आणि ते गोठलेलं ठेवायला एक पंखा. वीज गेली की पंखा थांबणार, बूच वितळणार, सगळं मीठ खालच्या टाकीत उतरणार. टाकीभोवती उंच धुराडी: तापलेली हवा आपली आपण वर जाणार, गार हवा खालून येणार. पंप नाही की माणूस नाही. पोरीच्या डोक्याला तोड नाही!

आज दुसरी आणि शेवटची संधी होती. फसली तर तिची अकरा वर्षं पाण्यात.

"मामांना बाहेर बसवा," चाचणी तपासायला आलेले साहेब म्हणाले.

"मामा कंट्रोल पॅनेलवरच बसतील," भाची म्हणाली. "घाबरून चुकणाऱ्या माणसासाठीच तर भट्टी बनवलीय."

सकाळी दहाला वीज तोडली. बूच आठ मिनिटांत वितळेल असा तिचा हिशोब होता. आठ झाली, नऊ झाली, दहा झाली. मिठाचं तापमान चढतच होतं.

"अहो, मीठ खाली सोडायची झडप हाताने उघडा!" साहेब ओरडले.

नियमाने पंधरा मिनिटं थांबायचं होतं. भाचीचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. माझे हात असे शिवशिवत होते की शेवटी मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो.

"साहेब, पंधरा होऊ द्या. तुम्हीही बसा," मी म्हणालो.

बाराव्या मिनिटाला टाकीचा काटा हलला. मीठ आणि आमचा जीव एकदमच भांड्यात पडले. टाकीचं तापमान चढलं, थबकलं आणि हळूहळू उतरू लागलं. धुराड्यांतून नुसती हवा वाहत होती.

भाची खुर्चीत बसून हमसाहमशी रडली. माझेही डोळे भरून आले.

नोंदवहीत 'ऑपरेटरने केलेली कृती' हा रकाना मला भरायचा होता. 'काहीही नाही' असं लिहून मी खाली सही केली. इतक्या अभिमानाने मी आयुष्यात कधी सही केली नव्हती.