मधल्या रंगाची

मी एक शिधापत्रिका बोलतेय. गल्लीत मला कुणी या नावानं हाक मारत नाही. सगळे केशरी कार्डच म्हणतात. लातूरला हुसेनबीच्या घरी, फ्रिजवरच्या पत्र्याच्या डब्यात माझा मुक्काम असतो.

भूकंपानंतर सहाव्या वर्षी तहसील कचेरीत माझा जन्म झाला. सरकारनं तेव्हा घरांचे तीन रंग केले. वर्षाची कमाई पंधरा हजारांपर्यंत तर पिवळा, लाखाच्या वर तर पांढरा आणि मधल्या सगळ्यांना मी. हे मधले म्हणजे कोण, ते मात्र मला या घरातच कळत गेलं.

हुसेनबीचा नवरा मोहियोद्दीन वेल्डिंगचं काम करायचा. लातुरात तेव्हा शिकवण्यांना बरकत आली होती. कंधार, हिमायतनगर, कुठून कुठून पोरं यायची आणि आल्या आल्या त्यांना लोखंडी कॉट लागायची. जूनमध्ये मोहियोद्दीनला जेवायला फुरसत नसे. दिवाळी सरली की दुकान थंड. जूनमध्ये आमचं घर पांढऱ्या कार्डाचं वाटायचं, फेब्रुवारीत पिवळ्या.

शेजारच्या खोलीत पंचफुला भाड्यानं राहायची. भूकंपात तिचं घर गेलं, नवरा गेला. इथं ती एका मेसवर पोळ्या लाटायची. तिचंही कार्ड केशरीच होतं, कारण कारकुनानं घरमालकाच्या पक्क्या भिंती बघून ते घर तिचंच धरलं होतं.

काही वर्षांनी कार्डांची पडताळणी आली. कुणाचा टीव्ही गोधडीखाली गेला, कुणाची लुना भावाकडे. एकानं मोहियोद्दीनला सुचवलं, कमाई कमी दाखवा, पिवळं होऊन जाईल. मुलगी नाझनीन दहावीत होती, पुढची फी डोळ्यांसमोर दिसत होती. मोहियोद्दीननं माझ्यासकट फ्रिजवर चादर टाकली. हुसेनबीनं ती काढली आणि घडी करून ठेवली.

कारकून आला. माझी पानं चाळत म्हणाला, पिवळी कार्डं आता मोजकीच उरली आहेत.

"आमचं हाय तेच राहू द्या साहेब," हुसेनबी म्हणाली. "पिवळं जिला पाहिजे तिचं घर दावते, चला."

मला हातात घेऊनच ती त्याला शेजारी घेऊन गेली. एक स्टोव्ह, दोन पातेली आणि मोहियोद्दीननं दिलेली जुनी कॉट. बघायला अर्धं मिनिटही लागलं नाही, पण कारकून बराच वेळ तिथं उभा राहिला. मग त्यानं पेन काढलं.

मोहियोद्दीन दोन दिवस धुसफुसत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं पंचफुलाच्या कॉटचा हलणारा पाय वेल्डिंग करून पक्का केला. पिवळ्या कार्डाचे पहिले गहू मिळाले, त्या दिवशी पंचफुलानं आमच्याकडे पोळ्यांची चवड आणून ठेवली. फीचंही जमलं. एका क्लासला बाकं हवी होती; मोहियोद्दीननं ती करून दिली आणि मजुरीतून फी वळती झाली.

नाझनीन आज नांदेडला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. घराची कमाई कधीच लाखावर गेली. परवा तिनंच पांढऱ्या कार्डाचा अर्ज भरून आणला. तीन खोल्या, एक जुनी स्कूटर, आणि आपण श्रीमंत? मोहियोद्दीन सही करता करता थांबला.

पंचफुला दारातच बसली होती. हसून म्हणाली, "आता तुमी लई मोठे झालाव, हुसेनबी."

"मोठे न्हाई गं," हुसेनबी म्हणाली, "पुरून उरतंय, एवढंच."

मोहियोद्दीननं सही केली.

उद्या मला कचेरीत जमा करतील. माझे कोपरे झिजलेत, घडीवर चिकटपट्टी आहे, तरी मन भरलेलं आहे. एकच मागणं आहे. माझ्या जागी पांढरी येईल, तिलाही फ्रिजवरच ठेवा. तिथून शेजारचं दार दिसतं.