नस पुढून की मागून

दादाने खुर्ची मागे झुकवली, दिवा तोंडावर ओढला आणि ‘आ कर’ म्हणाला. धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले.

तिची खालची अक्कलदाढ हाडात आडवी रुतून बसली होती आणि कित्येक दिवस ठणकत होती. काढायची याबद्दल वाद नव्हता. पण पडद्यावरच्या जबड्याच्या सपाट एक्स-रे फोटोत दाढेच्या मुळावरून एक काळपट पट्टा गेलेला तिला दिसला. तो काय, असं विचारल्यावर दादा सहज बोलून गेला, की ती खालच्या ओठाची नस. मुळाला बिलगून आहे की मागून लांबून जाते, हे या फोटोत कळत नाही. पण अशा दाढा त्याने ढिगाने काढल्या होत्या. ही मागूनच असणार.

असणार! धाकटीचं पोट बासरीवर होतं. ओठ कायमचा बधिर झाला, तर फुंकर कुठे पडतेय हेच तिला कळणार नव्हतं. सगळ्या बाजूंनी दाखवणारा थ्रीडी स्कॅन होईपर्यंत दाढेला हात लावायचा नाही, असं तिने सांगून टाकलं.

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. स्कॅनचं यंत्र होतं समोरच्या दवाखान्यात, आणि तिथल्या डॉक्टरशी त्याचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. बहिणीनेच त्या डॉक्टरची पायरी चढायची म्हणजे भर रस्त्यात नाक कापून घेणं. बाहेर बसलेली आईही आत आली आणि तिने लोक काय म्हणतील ते सविस्तर ऐकवलं. लोकांना दाढा नसतात बहुतेक.

“विश्वास आहे म्हणून तर तुझ्या खुर्चीत बसलेय,” धाकटी म्हणाली. “पण तुला नस दिसलेली नाही, दादा. आणि ओठ माझा आहे.”

ती उठली ती तडक रस्ता ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी तिघं स्कॅनसमोर बसली. दादाने तो सगळीकडून फिरवून पाहिला. नस मुळाच्या मागून, चांगलं अंतर ठेवून गेली होती. त्याचंच खरं निघालं.

आईला हेच हवं होतं. “उगाच भावाचा पाणउतारा केलास. माफी माग त्याची.”

“नाही मागणार. त्याचं चुकलं असतं, तर माफी मागून तो दुसऱ्या दिवशी कामाला लागला असता. मी काय वाजवलं असतं?”

दादाने मदतनीस बाईंना बोलावलं आणि संध्याकाळच्या पेशंटला फोन करायला सांगितलं. त्यांचीही दाढ अशीच आडवी होती. आज काढायची नाही, आधी समोर जाऊन स्कॅन करून यायचा.

कारण काय सांगू, असं बाईंनी विचारलं.

“खरं तेच सांगा,” दादा म्हणाला. “डॉक्टरांना फोटोत नस कुठून जाते ते कळत नाही.”