बघायची वाटी

मी वाटी बोलतेय. स्टीलची, मुठीत मावेल एवढी, बुडाला काळी-निळी पडलेली. एरवी चमचा आपटला की टण्णकन वाजायचं, एवढंच माझं बोलणं. पण एका मुलाचं जेवण मी जितक्या जवळून पाहिलंय तितकं त्याच्या डॉक्टरांनीही पाहिलं नसेल, म्हणून आज चार शब्द बोलते. बोलता बोलता थोडा मोठेपणा झाला तर गोड मानून घ्या. काम तसंच केलंय मी.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची चकती यंत्राखाली ठेवली, वरून दणका बसला आणि मी वाटी होऊन बाहेर पडले. आम्हा भांड्यांना बालपण नसतं. पॉलिशच्या चाकावर तोंड उजळलं, तेवढेच काय ते लाड. मग आम्हा बहिणींना खोक्यात घालून दुकानात धाडलं. तिथून नुकतंच लग्न झालेल्या एका मुलीने आम्हाला घरी आणलं. तिने एकेकीला उलटंपालटं करून पारखलं होतं, आणि मला तोंडासमोर धरून स्वतःचा चेहराही पाहून घेतला होता.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग एकदा घाईच्या वेळी तिने माझ्यात चमचाभर तेल घालून मला थेट गॅसवर ठेवलं, आणि दारात कुणी आलं म्हणून ती तिकडे गेली. तेल जळालं, माझं बूड फुगलं. तेव्हापासून मी ओट्यावर सरळ बसेना. पाहुण्यांपुढे डगमगणारी वाटी कोण मांडणार? माझ्या बहिणी कपाटात राहिल्या आणि मी सिंकच्या कडेला, भांडी घासायचा साबण पोटात घेऊन. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रडून काय उपयोग, साबणाने आधीच डोळे चुरचुरत होते.

तिथून मला उचललं ते तिच्या मुलाने. तो तेव्हा नुकता पळायला लागला होता. माझ्यातला साबण त्याने जमिनीवर ओतला, मला फरशीवर ठेवून बोटाने गिरकी दिली आणि गाल फरशीला टेकवून बघत बसला. फुगलेल्या बुडावर मी अशी फिरले म्हणता! ज्या खोडीपायी मला बाजूला टाकलं, तिच्यावरच हा पोरगा लट्टू. डबे, झाकणं, खेळण्यातल्या गाड्यांची चाकं, जे फिरेल ते तो फिरवी. घरात त्याला सगळे भोवराच म्हणायला लागले.

त्याला ऑटिझम आहे हे कळलं तेव्हा तो बालवाडीत होता. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार नव्हे, त्याची घडणच तशी आहे. आवाज, वास, स्पर्श त्याला आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतात. आईने मान डोलावली, घरी येऊन मला घासता घासता तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला आणि मलाच पुन्हा घासायला घेतलं.

खरी लढाई ताटावर होती. भोवरा तीनच गोष्टी खायचा. नुसता पांढरा भात, नुसता उकडलेला बटाटा आणि एक गोल बिस्किट, तेही अख्खं. कोपरा तुटला की ते त्याच्या लेखी बिस्किटच नव्हे. भात बटाट्याला शिवला तर दोन्ही बाद. लोकांना वाटायचं, लाडाने डोक्यावर बसवलाय. भोवऱ्याची आत्या तर येता-जाता सुनावायची, की दोन दिवस उपाशी ठेव, तिसऱ्या दिवशी दगडसुद्धा मिटक्या मारत खाईल. आईने एकदा मन घट्ट करून तेही केलं. पोरगा भुकेने मलूल होऊन भिंतीशी पडून राहिला, पण समोरच्या ताटाला त्याने हात लावला नाही. संध्याकाळी आईनेच भात टाकला.

रक्त तपासलं तर फार कमी निघालं. औषधाचे थेंब तो जिभेला लागू देईना. डॉक्टर म्हणाले, याच्या खाण्यातलं आता आणखी काही कमी झालं तर दवाखान्यात ठेवून नाकातल्या नळीने अन्न द्यावं लागेल. त्या भीतीपोटी तिने तेच केलं जे कुठलीही आई करेल. गाजर उकडून, गाळून, अगदी चिमूटभर, बटाट्यात कालवलं.

भोवऱ्याने पहिला घास घेतला आणि तो थांबला. घास बाहेर काढून बोटांनी उलगडून पाहिला. ताट दूर सारलं, टेबलाखाली गेला आणि कान झाकून बसला. तो दिवस आणि आजचा दिवस, बटाटा बंद. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, याने तर ताकाकडे बघणंच सोडलं. तीनाच्या दोन गोष्टी उरल्या. आता भाताला तरी कुणाची दृष्ट लागू नये एवढंच आई दिवसभर पुटपुटायची.

ज्या सेंटरमध्ये भोवरा बोलायला आणि खेळायला शिकायला जायचा, तिथल्या मॅडमना तिने सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. पुढच्या वेळी घरातलं त्याच्या आवडीचं एखादं भांडं घेऊन या, म्हणाल्या. आईला मला न्यायची लाज वाटली. राखेने घासलं, चिंचेने घासलं, तरी माझा काळेपणा हटला नाही, तेव्हा रुमालात गुंडाळून नेलं.

ठेंगण्या टेबलावर मॅडमनी भोवऱ्याचं भाताचं ताट ठेवलं, हातभर लांब मला ठेवलं, आणि माझ्यात उकडलेल्या गाजराची एक चकती. आई पुढे वाकली. "खाऊन बघ ना, राजा."

भोवरा माझ्यावर झुकला. त्याचा श्वास माझ्या काठाला लागत होता. चांगलं निरखून झाल्यावर तो म्हणाला, "बघितलं." आणि खुर्चीवरून उतरायला लागला.

आईचा चेहरा उतरला. मॅडम मात्र हसल्या. "त्याने ऐकलं की तुमचं. तुम्ही बघ म्हणालात, त्याने बघितलं."

"अहो, मी खाऊन बघ म्हणाले."

"मग अर्धं ऐकलं. उरलेलं अर्धं आपण त्याला बारीक तुकडे करून देऊ."

तिथे माझं नशीब फिरलं. मॅडमनी आईला समजावलं, की आपल्या बोलण्यात हा 'बघ' उगाच शेपटासारखा येतो, पण याच्यासाठी तोच मुख्य शब्द आहे. म्हणून आधी नुसतं बघ. ते जमलं की हात लावून बघ. मग वास घेऊन बघ, ओठाला लावून बघ, चाटून बघ, चावून बघ. चावून थुंकलं तरी चालेल, वाटी आहेच. खाऊन बघ हे सगळ्यांत शेवटी, आणि तेही त्याच्या मनाने. भातात काही लपवायचं नाही. वाटीतलं ताटात जाईल ते त्याच्याच हाताने. जेवायला सगळे एकत्र बसायचं आणि त्याच्या तोंडाकडे कुणी टक लावायची नाही. औषधाचं डॉक्टरांशी बोलून दुसरं काही मिळतंय का ते पाहायचं. आणि या वाटीला आजपासून दुसरं काम नाही.

अशी मी साबणातून उठून जेवणाच्या टेबलावर आले. बघायची वाटी! कपाटातल्या बहिणी अजून पाहुण्यांची वाट पाहत होत्या.

सगळ्यांत अवघड गेलं ते आईला. आजवर ती मुलाला भरवून मग ओट्याशी उभ्याने चार घास पोटात ढकलायची. आता बसून जेवायचं, आणि त्याच्याकडे बघायचं नाही! ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत जेवायची. भोवऱ्याचे बाबा बसगाड्या दुरुस्त करतात. ते म्हणाले, "इंजिनसुद्धा सारखं झाकण उघडून बघितलं तर सुरू होत नाही." आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने जेवायला लागले. पण वाक्य तिला पटलं असावं.

रोज माझ्यात गाजराची एक चकती. भोवरा बघायचा आणि मला गिरकी द्यायचा. चकती माझ्याबरोबर फिरायची. मग एकदा त्याने तिला नखाने टोचलं आणि बोट आईच्या बाहीला पुसलं. आईने बाही झटकलीसुद्धा नाही. पुढे ताप आला आणि सगळं मुसळ केरात. पुन्हा नुसत्या बघण्यापासून सुरुवात. तरी मी हिंमत सोडली नाही, आणि गंमत म्हणजे आईही सोडेनाशी झाली. रोज मला पुसून ती पुढच्या चकतीसाठी टेबलावर मांडून ठेवायची.

भोवरा ओठाला लावण्यापर्यंत आला होता तेव्हा आत्या जेवायला आली. आई पाणी आणायला उठली होती. आत्याने माझ्यातली चकती उचलली, बोटांनी कुस्करली आणि भोवऱ्याच्या भाताखाली दडपली. तिच्या मनात काळंबेरं नव्हतं. पोरगं चार घास जास्त खाईल, एवढाच तिचा हिशेब.

पण भोवऱ्याने पाहिलं होतं. त्याचे हात कानांकडे गेले. बटाट्याच्या दिवशी गेले होते तसेच.

आईने दारातूनच ओळखलं. मला वाटलं, आता ही रडते किंवा ओरडते. ती शांतपणे खाली बसली. भातातला गाजराचा कण न् कण त्याच्यादेखत वेचून तिने माझ्यात टाकला. "गाजर वाटीत," म्हणाली. ते ताट उचललं, दुसरं कोरं ताट आणलं, त्याला दिसेल असं पातेलं वाकडं धरलं आणि भात वाढला. "भात नुसता."

मग नणंदेकडे वळली. आवाज चढवला नाही. "ताई, त्याचा भातावर विश्वास आहे. तो गेला तर माझ्याकडे द्यायला काही उरणार नाही. पुन्हा असं करू नका."

भोवरा भाताकडे बघत होता. एक शीत उचललं, वास घेतला, उजेडाकडे धरलं. नळी, दवाखाना, जे काही आईच्या मनात असेल ते सगळं त्या एका शितावर लटकलं होतं. त्याने ते तोंडात टाकलं. मग दुसरं. मग चमचा उचलला.

आईने कॅलेंडरकडे बघत जेवायला सुरुवात केली. नंतर कधीतरी आत्या पुन्हा आली ती पदराआड डबी घेऊन. आत कागदासारखी पातळ कापलेली गाजरं. "दाखवायला आणलीत हो," दारातच म्हणाली, "खायला नाही."

पुढची एक दुपार. आई ताटं उचलायला आली तर मी रिकामी. तिने टेबलाखाली वाकून पाहिलं, खुर्चीची गादी उचलली, भोवऱ्याचा खिसा चाचपला. "गाजर कुठे गेलं रे?"

भोवरा मला फिरवत होता. मान वर न करताच म्हणाला, "खाऊन बघितलं."

टाळी वाजवायची नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. आईने वाजवली नाही. ती आत गेली आणि भांडी घासायची नसताना नळ पूर्ण सोडून उभी राहिली.

आता गाजर माझ्याकडे येत नाही. त्याने स्वतःच्या हाताने ते ताटात नेलं, भातापासून बोटभर लांब. माझ्याकडे मग मटार आला, तोही गेला. सध्या उकडलेलं अंडं वास घेण्यापर्यंत पोचलंय. बटाटा परतला नाही, येईल तेव्हा येईल. चव नसलेलं औषध डॉक्टरांनी पाण्यातून सुरू केलं, तेही त्याला दाखवून, सांगून. रक्त वाढतंय, आणि नळीचं नाव डॉक्टरांनी पुन्हा काढलेलं नाही.

तुमच्या घरी असं लेकरू असेल तर माझं एवढंच सांगणं. त्याच्या विश्वासाच्या घासात काही लपवू नका. एखादी जुनी वाटी काढा आणि त्याला बघू द्या. बघणं हेही जेवणच आहे, फक्त त्याने पोट भरायला वेळ लागतो.

परवाची गोष्ट सांगते आणि थांबते. आईने भोपळ्याची भाजी केली होती. बाबांनी लहानपणापासून भोपळा खाल्लेला नाही, त्यांनी फोड हळूच ताटाच्या कडेला सारली. भोवऱ्याने ती उचलून माझ्यात ठेवली आणि मला बाबांपुढे सरकवलं.

"बघ," म्हणाला.

आईला ठसका लागला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सुटका नाही हे ओळखलं. तेव्हापासून भोपळा झाला की एक फोड त्यांच्या नावाने माझ्यात असते. बाबा बिचारे अजून नुसतं बघतात. भोवरा त्यांना घाई करत नाही.